मशीन घेतलं कुणी?

शमीमआपा भांडायच्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायची. समोरच्याचं तोंड अंधुक दिसलं की बोलायला बरं पडतं, असं तिचं म्हणणं. "चष्म्यातनं माणसाचा चेहरा दिसतो रं, मग दया येती. आन् दया आली की मुद्दा सुटतो." त्यामुळं ऑफिसात तिचा हात चष्म्याकडं गेला की बाकीचे हळूच पाणी प्यायला उठायचे. मी उठायचो नाही. फुकटात असलं बघायला मिळतंय आणि उठायचं कशाला?

आमचं ऑफिस म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावर टायरच्या दुकानावरचा मजला. खाली दिवसभर हवा भरायच्या यंत्राची घरघर, वर आम्ही सात-आठ टाळकी कॉम्प्युटरपुढं. दवाखान्यांची सॉफ्टवेअरं करायचो. मालक पाटीलसर. पुण्यात नोकरी करून परत आलेले, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं कायम गोड. त्यांच्या खालोखाल आपा, म्हणजे शमीम मुजावर. मिरजेची. नवऱ्याचं स्टेशन रोडला बॅटऱ्यांचं दुकान. इंजिनियर झाल्यावर मोठ्या शहरातल्या नोकऱ्या आल्या होत्या म्हणे, पण ती गेली नाही. का गेली नाही विचारलं तर, "का जावं?" एवढंच म्हणायची.

कुणाला नावानं हाक मारणं तिला ठाऊकच नव्हतं. गावानं मारायची. मी वडूज, माझ्या शेजारचा तासगाव, हिशोब बघणारी मुलगी विटा. सरांना मात्र सर म्हणायची, कारण गाव विचारलं की ते पुणे सांगायचे. "आन् ते काय खरं न्हाई," असं ती आम्हाला नंतर सांगायची. मी तिला तोंडावर तुमी म्हणायचो आणि पाठीमागं ती. आता लिहितानाही ती असंच येतंय, तर येऊ द्या.

क्लायंट असो, सर असोत नाहीतर खालचा टायरवाला, आपा सगळ्यांशी एकच मराठी बोलायची. एकदा सरांनी अगदी हळुवार सुचवून बघितलं, "मॅडम, क्लायंटसमोर जरा शुद्ध बोलता आलं तर…" आपा म्हणाली, "शुद्ध तूप असतंय सर. बोलणं कळलं की झालं." सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणखी एक खोड म्हणजे स्क्रीनवर आलेल्या मजकुराला ती तोंडानं उत्तर द्यायची. 'कनेक्शन हरवले' असं आलं की म्हणायची, "हरवलं न्हाई, तुमी सोडलं." 'काहीतरी चुकले' असं आलं तर मग विचारूच नका. "काहीतरी म्हंजे काय? नीट सांगायला काय धाड भरलीया?" आम्ही लिहिलेला प्रत्येक संदेश ती मोठ्यानं वाचून घ्यायची. माणसाच्या तोंडावर बोलता येईल तेवढंच स्क्रीनवर लिहायचं, हा तिचा दंडक. मी एकदा 'अवैध नोंद' असं लिहिलं होतं. तिनं मला ते तासगावच्या तोंडाकडं बघून म्हणायला लावलं. मला हसू आलं, तासगावला राग आला, आणि संदेश बदलला.

मी नवीन होतो तेव्हा आमचं मिरजेतल्या एका डायलिसिस सेंटरचं काम चाललं होतं. किडनी गेलेल्या माणसाला आठवड्यातनं दोनतीनदा मशीनला लावतात, रक्त साफ करून घ्यायला. मशीनं थोडी, माणसं ढीगभर. वडूजपासून जतपर्यंत आणि कर्नाटकातनंही येतात. कुणाला कुठलं मशीन आणि कुठली वेळ, हे आमच्या सॉफ्टवेअरवर ठरायचं. त्यात आपानं एक अट घालून ठेवली होती, आणि ती अट मला काही केल्या कळेना.

"मिरजेच्या स्टँडवर यष्टी लागली," आपा म्हणाली. "तुला खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरायचीय. कसा टाकशील?"

"टाकणार की. कसा म्हंजे?"

"बघून का न बघता?"

"बघून. आधीच कुणाचा असला तर कसा टाकू?"

"आन् टाकलास तर?"

"मार खाईन."

"झालं तर मग. न बघता लिहिणं म्हंजे दुसऱ्याचा रुमाल खाली टाकून आपला ठेवणं. आपण तसलं करत न्हाई. आपण डेटाबेसला म्हणतो, सीट मोकळी असली तरच माझं नाव लिही. नसली तर लिहू नको, मला तसं सांग."

यातली मेख एवढीच की बघणं आणि लिहिणं एका दमात झालं पाहिजे. आधी बघून मग निवांत लिहायला गेलात तर मधल्या वेळात दुसरा येऊन बसतो. हे एका दमात करायचं काम लांब कुठंतरी क्लाउडमध्ये ठेवलेल्या डेटाबेसचं. आणि आमचा निरोप तिकडं नेऊन उत्तर इकडं आणायचं काम लायब्ररीचं. ही लायब्ररी म्हणजे परदेशातल्या काही मंडळींनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम. जगभरचे लोक तो उचलून वापरतात, आम्हीही वापरायचो. मधल्या माणसावर विश्वास टाकावा तसा आमचा तिच्यावर विश्वास.

अट सगळ्यांना आवडायची असं नाही. दोन सिस्टरनी एकाच वेळी एकच मशीन निवडलं की दुसरीला दिसायचं, 'हे मशीन नुकतंच दुसऱ्या कुणीतरी घेतलं आहे, पुन्हा बघा.' सिस्टर वैतागायच्या, मग सेंटरचा मॅनेजर सरांना फोन करायचा. सर आपाच्या टेबलापाशी आले. "ती अट काढून टाका ना मॅडम. उगाच कटकट."

चष्मा टेबलावर गेला. "काढते. मग दोन पेशंट एकाच मशीनपाशी आले की तुमी तितं जाऊन उभं ऱ्हायचं. एकाला म्हणायचं, ऊठ. तेवढं काम सॉफ्टवेअरला जमत न्हाई." सर त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि अट राहिली.

आणि मग ती भानगड झाली.

एके सकाळी सेंटरमधलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं. काही मशीनं बंद, सगळ्यांचे नंबर फिरवायची वेळ आली. रिसेप्शनला संगीता सिस्टर होती. चलाख बाई, हाताला उसंत नाही, पण नोकरी कंत्राटावरची. जतकडच्या महादेवीआक्का आल्या, त्यांना तिनं एक मशीन दिलं. स्क्रीन जरा अडकला आणि मग आलं, 'हे मशीन नुकतंच दुसऱ्या कुणीतरी घेतलं आहे.' सिस्टरनं त्यांना दुसरं मशीन दिलं. त्यानंतर आले कदमआण्णा. आमच्या वडूजकडचे, रिटायर फौजी. त्यांच्या वेळी स्क्रीन म्हणाला, सगळी मशीनं भरली. सिस्टरनं सांगितलं, "आण्णा, उद्या पहिला नंबर तुमचा." फौजी माणूस. घासाघीस नाही, काही नाही, मान हलवली आणि यष्टी धरून गावाला गेला.

आण्णांना संध्याकाळी धाप लागली. अंगातलं पाणी छातीत चढलं. पोरानं गाडीत घालून परत मिरजेला आणलं. वाचले, पण थोडक्यात वाचले. आणि चौकशीत काय निघालं? त्या दिवशी वरच्या मजल्यावर एक मशीन रिकामं बसून होतं. ते महादेवीआक्कांच्या नावावर होतं, आणि आक्का दुसऱ्याच मशीनला. एका पेशंटला दोन मशीनं, दोन्ही नोंदी संगीता सिस्टरच्या लॉगिनमधून. पुरावा असा सरळ की बोलायला जागा नाही.

मॅनेजर खवळला. पाटीलसरही तिकडं पोचले, आणि रिसेप्शनवर पेशंट बसलेले असताना सिस्टरला म्हणाले, "साधं सॉफ्टवेअर वापरता येत नाही तुम्हाला, आणि नाव आमचं खराब होतं. माणूस मेला असता." सिस्टर म्हणत होती, "सर, मला आलं हो तसं स्क्रीनवर." कुणी ऐकून घेतलं नाही. तिला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलंच.

सर ऑफिसात येऊन हे सगळं सांगत होते, सुटल्यासारखे. आपानं एकच विचारलं. "ती म्हणती मला तसं आलं. मग आलं का न्हाई, हे बघितलं कुणी?"

"मॅडम, नोंदी बघा. दुसऱ्या कुणी ते मशीन घेतलंच नव्हतं. मग दुसऱ्यानं घेतलं असं येईल कसं? खोटं बोलतीय ती."

"आपलं नाव वाचवायला ती खोटं बोलती, आन् आपण?" असं म्हणून आपानं स्कूटीची किल्ली उचलली. "चल वडूज."

सेंटरचं रिसेप्शन जिन्याखाली. तिथं नेट असलं तर असतं, नसलं तर नसतं. आपा संगीता सिस्टरशेजारी स्टूल ओढून बसली. सिस्टर रडून रडून डोळे सुजवून बसलेली. "मला पुन्हा दाखवा सिस्टर, कसं कसं केलं," आपा म्हणाली. कुठं चुकलात असं नाही विचारलं. मला ते फार बरं वाटलं. मग चाचणीच्या नोंदी करत, मुद्दाम नेटची वायर काढत-घालत बसली. कधी खूप लवकर काढली जायची, कधी उशिरा. सकाळची दुपार झाली. मी वडापाव आणले, ते गार झाले. मॅनेजर येऊन बघून गेला आणि तोंड वाकडं करून गेला.

आणि मग एकदा वायर नेमकी त्या क्षणाला निघाली. आपानं ती परत घातली. स्क्रीन जरा अडकला आणि मजकूर आला, 'हे मशीन नुकतंच दुसऱ्या कुणीतरी घेतलं आहे.'

आपानं स्क्रीनला विचारलं, "कुणी? हितं मी एकटीच बसलीया."

तिनं डेटाबेस उघडला. मशीन तिच्याच नावावर. मग माझ्याकडं वळली. तेवढा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर ईदलाही बघितला नाही. "आपलाच रुमाल रं, वडूज. आपलाच."

झालं होतं असं. आमचा निरोप डेटाबेसकडं पोचला, नाव लिहिलं गेलं. 'लिहिलं' असं उत्तर परत येताना नेट तुटलं. लायब्ररीला वाटलं निरोप पोचलाच नाही, म्हणून तिनं न विचारता तोच निरोप पुन्हा धाडला. आता मशीन मोकळं कुठलं? डेटाबेस म्हणाला, घेतलेलं आहे. लायब्ररीनं तेवढंच आणून आम्हाला सांगितलं आणि आम्ही ते सिस्टरला. म्हणजे गर्दीत खिडकीतनं रुमाल टाकायचा, टेकला का पडला ते दिसायचं नाही, आत जाऊन बघायचं तर सीटवर रुमाल. कुणीतरी धरली वाटतं म्हणून आपण उभं राहायचं, आणि आपलीच सीट सबंध वाटभर रिकामी जायची.

सिस्टरला कळलं तेव्हा तिनं आपाचा हात धरला आणि सोडेचना. "सोडा, मला टाइप करायचंय," आपा म्हणाली, पण हात काही तिनं सोडवून घेतला नाही.

मिटिंग ठरली. जाताना गाडीत सर म्हणाले, "हे बघा, लायब्ररी, नेट, असलं काही तिथं काढायचं नाही. सॉफ्टवेअर चुकलं असं एकदा कबूल केलं की आपलं काम गेलं. वापरणाऱ्याची चूक म्हणायचं आणि सिस्टरना आपण फुकट ट्रेनिंग देऊ. मॅनेजरलाही तेच हवंय." आपा खिडकीतनं बाहेर बघत होती. मी मागं बसलो होतो. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सरांना ते हो वाटलं. एवढी वर्षं एकत्र काम करून माणसाला माणूस कळू नये म्हणजे कमाल आहे.

मिटिंगला मॅनेजर, दोन डॉक्टर, आणि दाराजवळ उभी संगीता सिस्टर. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. आपा आत गेली, एक खुर्ची ओढून सिस्टरला बसवलं आणि मग स्वतः बसली. चष्मा काढला. "चूक आमच्या सॉफ्टवेअरची हाय. सिस्टरनं स्क्रीनवर जे दिसलं तेच केलं. तुमच्या आमच्यापैकी कुणीबी तेच केलं असतं."

सरांनी मधेच म्हणून बघितलं, "मॅडमना म्हणायचंय की ट्रेनिंगच्या दृष्टीनं…"

"मला काय म्हणायचंय ते मी म्हटलंय सर." तिनं लॅपटॉप उघडून तिथल्या तिथं करून दाखवलं. वायर काढली, घातली, आणि तो मजकूर सगळ्यांपुढं आला. त्यातले म्हातारे डॉक्टर पुढं वाकून बघत राहिले. मग ते मॅनेजरला म्हणाले, "हिला काढणार होता तुम्ही?" मॅनेजर कागद सारखे करत बसला. संगीता सिस्टर राहिली.

आपा राहिली नाही. परतताना गाडीत सरांचा गोडवा उतरला होता. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला, आजच जाते," आपा म्हणाली. "पण दुरुस्ती टाकून जाते. आण्णाचा नंबर सोमवारी हाय."

आणि खरंच, त्या दुपारी बसून तिनं दुरुस्ती लिहिली. प्रत्येक नोंदीबरोबर आपली अशी एक खूण पाठवायची. डेटाबेस 'घेतलेलं आहे' म्हणाला तर लगेच हात वर करायचे नाहीत, आधी कुणी घेतलंय ते बघायचं. खूण आपली असली तर काम झालेलं आहे, तसं सांगायचं. सर केबिनमधून बघत होते. थांबवायची त्यांची छाती झाली नाही, त्यांनाही ती दुरुस्ती हवीच होती. सगळं तपासून झाल्यावर तिनं डबा पिशवीत टाकला, विट्याच्या मुलीला खालचा चहावाला ओळखीचा आहे म्हणून उधार मागू नको असं सांगितलं आणि जिना उतरून गेली. मला इतका संताप आला होता की मी त्या दिवशी सरांशी एक शब्द बोललो नाही. म्हणजे तेवढीच माझी मर्दुमकी.

लायब्ररीवाल्यांना मात्र तिनं सोडलं नाही. त्यांच्या साइटवर कुणालाही तक्रार मांडता येते. आपानं आपल्या नावानं मांडली, सगळं करून दाखवून. उत्तर आलं, हे ठरवल्याप्रमाणंच चालतंय, आणि तक्रार बंद केली. तिनं ती पुन्हा उघडली. त्यांनी पुन्हा बंद केली. तिनं पुन्हा उघडून इंग्रजीत लिहिलं, ते मला फोनवर तिच्या मिरजेच्या सुरात वाचून दाखवलं. त्याचा अर्थ असा होता: 'तुमची लायब्ररी माझ्या सिस्टरला खोटं सांगते. आपण खोटं सांगतोय हे लायब्ररीला कळत नाही, ही तुमची सबब झाली, सिस्टरला तिचा काय उपयोग?' मग जगातनं कुठनं कुठनं लोक येऊन त्याखाली लिहू लागले, आमचंही असंच झालं म्हणून. कुणाची विमानाची तिकिटं, कुणाचं गोदाम. शेवटी लायब्ररीवाल्यांनी निरोप दुसऱ्यांदा धाडला तर तसं सांगायची सोय केली, पण ज्याला माहीत असेल त्यानं चालू करून घ्यायची, एरवी बंद. आपाचे आभार मानले आणि आता तक्रार मिटवा म्हणाले. आपानं उत्तर दिलं, "नाही. ज्याला माहीत नाही त्याचाच पेशंट परत जातो." ती तक्रार अजून उघडी आहे.

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका दवाखान्यानं आमच्याकडं चौकशी केली. मिटिंगमधल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनीच तिकडं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, ज्या मॅडमनी स्वतःची चूक सांगितली त्या काम बघणार असतील तर बोलू. पाटीलसरांना घाम फुटला. त्यांनी मला पाठवलं. "तुमचं ऐकतील त्या. म्हणावं, झालं गेलं विसरा, हुद्दा वाढवून देतो."

बॅटऱ्यांच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं आपा बसते. बाहेरची कामं घेते, बरी चालली आहेत. मला बघून खुश झाली. चहा मागवला, आईची तब्येत विचारली, तासगावचं लग्न जमलं का विचारलं. मी सरांचा निरोप सांगितला. तिनं सगळा ऐकला.

"सरांनी संगीता सिस्टरची माफी मागितली का?"

"न्हाई."

"रिसेप्शनवर बोललं हुतं न्हवं तिला? पेशंटांपुढं?"

"व्हय."

"हं," म्हणाली आणि बिस्किटाची ताटली पुढं सरकवली.

मी ऑफिसात येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सर दोन दिवस धुसफुसले. कोण समजते स्वतःला, वगैरे. तिसऱ्या दिवशी गाडी काढली, मला बरोबर घेतलं. सेंटरच्या रिसेप्शनवर माणसं बसलेली होती, कदमआण्णाही होते कोपऱ्यात, टोपी मांडीवर ठेवून. सर टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी चूक आमची होती. मी तुम्हाला बोललो, ते चुकलं. माफ करा." सिस्टर उठून उभी राहिली. कदमआण्णा म्हणाले, "बसा सिस्टर, उभं कशाला ऱ्हायचं? आता त्यांनी उभं ऱ्हायचं." आणि लोक हसले.

मी तिथनं तडक स्टेशन रोडला गेलो. आपा दुकानापुढं स्कूटी काढत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आण्णांचं बोलणंसुद्धा. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. पेशंट किती होते, सिस्टर उठली तेव्हा कशी दिसत होती, सर मोठ्यानं बोलले का पुटपुटले. मी सांगत गेलो आणि तिचे डोळे भरत गेले. पदरानं पुसले तिनं, लपवले नाहीत.

"मग आपा, सोमवारपास्नं येताय न्हवं? सर टेबल लावून घेत्यात."

"कुठं?"

"ऑफिसात. माफी मागितली की त्यांनी."

"सिस्टरची मागितली. लय बरं झालं," आपा म्हणाली. "मी येते असं कवा म्हटलं हुतं? मी नुस्तं इचारलं, मागितली का."

तिनं चष्मा पुसून नीट डोळ्यांवर चढवला, मला एकदा नखशिखान्त बघितलं आणि मोठ्यानं हसली. मग स्कूटीला किक मारली आणि रिक्षांच्या गर्दीतनं वाट काढत निघून गेली.